एका लॅपटॉपवरची तीन नावं

परदेशात शिकायला किंवा कामाला आलेल्या आपल्यातल्या अनेकांच्या लॅपटॉपवर गिटहबची निदान दोन खाती असतात. एक इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना उघडलेलं, ज्याच्या नावात तेव्हाचं टोपणनाव आणि जन्मसाल आहे. दुसरं विद्यापीठाच्या ईमेलवर, कारण लॅबमध्ये सगळ्यांनी तसंच केलं होतं. नोकरी लागली की तिसरं. मग एक दिवस पुश अडकतो, आपण उत्तर शोधतो, आणि जे सापडतं ते गेली कित्येक वर्षं जसंच्या तसं फिरतंय: दोन एसएसएच किल्ल्या बनवा, कॉन्फिग फाइलमध्ये दोन टोपणनावं लिहा, झालं.

हे उत्तर चुकीचं नाही. पण ते अर्ध्याच प्रश्नाचं उत्तर आहे, आणि ज्या अर्ध्या भागात खरं नुकसान होतं, नेमका तोच त्यातून गळलाय. किल्लीमुळे एवढंच ठरतं की दार उघडायचं की नाही. आत गेल्यावर वहीत कोणाच्या नावाने नोंद होते, याच्याशी किल्लीचा काडीचाही संबंध नाही. म्हणजे तुम्ही कंपनीच्या किल्लीने कंपनीच्या रेपोत शिरता आणि तिथे कॉलेजातल्या टोपणनावाने कमिट करून येता. गिट एक शब्द बोलत नाही.

असं का, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. गिटच्या आधी बऱ्याच ठिकाणी सबव्हर्जन वापरात होतं. त्यात एक मध्यवर्ती सर्व्हर असायचा. तुम्ही लॉगिन करायचं, आणि ज्या नावाने लॉगिन केलं तेच नाव सर्व्हर बदलाच्या नोंदीपुढे टाकायचा. ‘आत यायची परवानगी आहे का’ आणि ‘हे कोणी लिहिलं’ हे दोन प्रश्न तिथे एकच होते. एप्रिल २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने गिट लिहायला घेतलं ते लिनक्स कर्नेलसाठी. बिटकीपर नावाची जी प्रणाली तोवर कर्नेलवाले फुकटात वापरत होते, ती सवलत बंद झाली म्हणून. कर्नेलचं काम चालायचं ईमेलवर. कोणीतरी पॅच मेलने पाठवायचा, दुसरा कोणी तो तपासून आपल्या प्रतीत घालायचा. पाठवणाऱ्याला कुठल्याही सर्व्हरवर खातं असायची गरज नव्हती. म्हणून गिटच्या प्रत्येक कमिटमध्ये दोन माणसं असतात, लिहिणारा आणि नोंदवणारा. दोघांचं फक्त नाव आणि ईमेल, जे ज्याने-त्याने सांगितलं तसं. पत्राखाली आपण नाव लिहितो ना, तसं. पोस्टमन काही ते तपासत नाही.

त्या जगात हे अगदी रास्त होतं. पुढे २००८ मध्ये गिटहब आलं आणि त्याने या सुट्या झालेल्या दोन प्रश्नांना पुन्हा शिवून टाकलं, पण दोन वेगवेगळ्या टाक्यांनी. पहिला टाका किल्लीचा: एक एसएसएच किल्ली एकाच खात्याला जोडता येते, दुसऱ्या खात्यात तीच घालायला गेलात तर ‘आधीच वापरात आहे’ म्हणून नकार मिळतो. दुसरा टाका ईमेलचा: कमिटमध्ये जो ईमेल असेल तो ज्या खात्यात नोंदवलाय, त्या खात्याचा फोटो आणि श्रेय त्या कमिटला मिळतं. एकच खातं असेल तर दोन्ही टाके एकाच जागी पडतात आणि शिवण दिसतच नाही. दुसरं खातं आलं की ती उसवते.

आता उसवल्यावर काय होतं ते बघा. किल्ली चुकली तर मोठा गोंधळ होतो. ‘असा रेपोच नाही’ असा संदेश येतो. रेपो तर समोर ब्राउझरमध्ये दिसतोय, मग नाही कसा? खरं म्हणजे तुम्ही दुसऱ्याच खात्याच्या नावाने गेलेले असता, आणि खाजगी रेपो आहे की नाही हेही परक्याला सांगायचं नाही असा गिटहबचा शिरस्ता आहे. तो योग्यच आहे, पण संदेश वाचणाऱ्याचे दोन तास जातात. गंमत अशी की एसएसएचच्या दृष्टीने गिटहबवर येणारा प्रत्येक माणूस ‘गिट’ याच नावाने येतो. पत्त्यात ॲटच्या आधी जे असतं ना, तेच. सगळ्यांचं आडनाव सारखं, ओळख फक्त हातातल्या किल्लीवरून. आणि एजंटकडे दोन किल्ल्या असतील तर तो एकेक पुढे करत जातो. गिटहबला पहिली ओळखीची किल्ली दिसली की तुम्ही त्या खात्याचे. बरोबर खातं कुठलं हा विचार कोणीच करत नाही. म्हणून ‘आयडेंटिटीज-ओन्ली’ ही ओळ कॉन्फिगमध्ये लिहावी लागते: जी सांगितली तीच किल्ली दे, जुडगा पुढे करू नकोस. अनेक मार्गदर्शक लेखांत ही एक ओळ नसते, आणि मग लोक म्हणतात की टोपणनावाची युक्ती कधी चालते, कधी चालत नाही.

ईमेल चुकला तर? काहीच होत नाही. पुश यशस्वी. कमिट इतिहासात जातो, इतरांच्या प्रतींमध्ये उतरतो, आणि कायमचा तिथे राहतो. म्हणजे जी चूक निरुपद्रवी आहे तिच्यावर ही साधनं आरडाओरडा करतात, आणि जी पुसता येत नाही तिच्यावर गप्प बसतात. या सगळ्या रचनेवर माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

पुसता का येत नाही, तर कमिटचा हॅश काढताना त्यात लिहिणाऱ्याचं नाव आणि ईमेलही धरलेला असतो. एक अक्षर बदललं की हॅश बदलतो, तो बदलला की त्यानंतरच्या प्रत्येक कमिटचा बदलतो. इतिहास नव्याने लिहिता येतो, त्यासाठी साधनं आहेत, पण मग ज्यांच्या ज्यांच्याकडे जुनी प्रत आहे त्या सगळ्यांना उठवावं लागतं. दोघातिघांच्या रेपोत हे जमतं. चाळीस जणांच्या लॅबमध्ये नाही जमत, आणि कंपनीत तर विचारायचीही सोय नसते.

गिटने स्वतः यावर काही केलं नाही असं नाही. २०१६ मध्ये आलेल्या २.८ आवृत्तीत एक सेटिंग आहे, ‘यूझ-कॉन्फिग-ओन्ली’. ती लावली की स्पष्टपणे ईमेल दिलेला नसेल तर गिट कमिट करायलाच नकार देतं. ती नसेल तर गिट तुमचं संगणकावरचं नाव आणि संगणकाचं नाव जोडून स्वतःच एक ईमेल रचू शकतं, आणि वर एक लांबलचक सूचना दाखवतं, जी कोणी वाचत नाही. ही सेटिंग मुळातच चालू असायला हवी होती असं माझं ठाम मत आहे. जुन्या स्क्रिप्ट मोडतील हा त्यावरचा युक्तिवाद मला माहीत आहे. पण एक स्क्रिप्ट मोडणं आणि एखाद्याचं नाव सार्वजनिक इतिहासात चुकीचं छापलं जाणं, यांत मी स्क्रिप्ट मोडू देईन. तोवर एवढं तरी करा: ग्लोबल कॉन्फिगमधून ईमेल काढून टाका आणि ही सेटिंग लावा. नव्या रेपोत पहिल्यांदा कमिट करताना गिट अडेल. अडू द्या.

पुढची सोय २०१७ च्या २.१३ मध्ये आली, ‘इन्क्लूड-इफ’. अमुक फोल्डरच्या आतले सगळे रेपो असतील तर तमुक कॉन्फिग फाइल वाच, असं सांगता येतं. कामाचे रेपो एका फोल्डरात, विद्यापीठाचे दुसऱ्यात, घरचे तिसऱ्यात. आपल्याकडे देवघरात जाताना चपला बाहेर काढतात तसं. जागेवरून वागणं ठरतं, दर वेळी आठवावं लागत नाही. त्या वेगळ्या फाइलमध्ये ईमेल तर लिहायचाच, शिवाय ‘कोअर डॉट एसएसएच-कमांड’ या सेटिंगने किल्लीही तिथेच ठरवता येते. म्हणजे ते दोन सुटे टाके एकाच फाइलमध्ये येतात. टोपणनावाच्या युक्तीपेक्षा मला हे कितीतरी बरं वाटतं. टोपणनाव वापरलं की रेपोचा पत्ता दर वेळी हाताने बदलावा लागतो. एखाद्या रेपोत सबमोड्यूल असेल तर त्याचा पत्ता दुसऱ्याच कोणीतरी लिहिलेला असतो, त्याला तुमचं टोपणनाव कुठून माहीत असणार? टोपणनावच ठेवायचं असेल तर निदान ‘इन्स्टेड-ऑफ’ वापरून कंपनीच्या संस्थेचे सगळे पत्ते आपोआप त्याकडे वळवा.

पण इन्क्लूड-इफमध्येही तोच मुळातला दोष आहे: चुकलं तर कळत नाही. फोल्डरच्या पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ लिहायला विसरलात की नियम आतल्या रेपोंना लागूच होत नाही, आणि कुठलीही तक्रार न करता गिट ग्लोबलमधला ईमेल उचलतं. म्हणून ‘शो-ओरिजिन’ जोडून ईमेल विचारायची सवय लावा. ईमेल काय आणि तो कुठल्या फाइलमधून आला, दोन्ही दिसतं. २०२२ च्या २.३६ पासून फोल्डरऐवजी रेपो कुठल्या पत्त्यावरून आलाय यावरूनही नियम लावता येतो, जे जास्त शहाणपणाचं आहे. डाउनलोड्स फोल्डरमध्ये क्लोन करणारी जमात काही कमी नाही.

आता धोरणाकडे. गिटहबच्या अटींनुसार एका व्यक्तीला फुकटचं एकच खातं ठेवता येतं. यंत्रासाठीचं खातं वेगळं. त्यांचं म्हणणं असं की तुम्ही एकच, कंपन्या येतील नि जातील, एका खात्याला हवे तेवढे ईमेल जोडा आणि प्रत्येक संस्थेचे सदस्य व्हा. माझ्या मते तत्त्व म्हणून हे चांगलं आहे. नोकरी बदलली तरी माणूस तोच राहतो. पण कंपन्यांना ते मान्य नसतं, आणि गिटहबने कंपन्यांनाही त्यांना हवं ते विकलंय: कंपनीच्या मालकीची खाती, जी कंपनीच बनवते, कंपनीच बंद करते, आणि ज्यांतून बाहेरच्या सार्वजनिक रेपोत काहीही करता येत नाही. म्हणजे व्यक्तीला सांगायचं ‘तू एकच आहेस’, आणि तिच्या मालकाला सांगायचं ‘तुझ्यापुरता हा वेगळा माणूस करून देतो’. दोन खात्यांचा त्रास असा ठरवून तयार होतो, आणि तो निस्तरायचा मात्र आपल्या लॅपटॉपवर. गिटहबच्या स्वतःच्या कमांड-लाइन साधनात खातं बदलायची सोय यायला २०२३ चा डिसेंबर उजाडला.

यावर कोणी म्हणेल, एवढं काय त्यात, प्रोफाइलवरचे हिरवे चौकोन थोडे कमी दिसतील. चौकोनांचं सोडा. प्रश्न मालकीचा आहे. ब्रिटनच्या १९८८ च्या कॉपीराइट कायद्यात नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या गोष्टीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालकच असतो, आणि प्रोग्रॅम त्यात येतात. अमेरिकेतही नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचंच धरलं जातं. कॅलिफोर्नियाच्या कामगार संहितेचं कलम २८७० कर्मचाऱ्याला थोडं संरक्षण देतं: स्वतःच्या वेळात, मालकाचं साहित्य न वापरता केलेला शोध करारात लिहूनही मालकाला घेता येत नाही, अपवाद मालकाच्या धंद्याशी किंवा त्याने दिलेल्या कामाशी संबंधित गोष्टींचा. ‘मालकाचं साहित्य’ या शब्दांवर थांबा. एकाच संगणकावर अनेक खाती कशी सांभाळायची, असं जे आपण विचारतो, त्यातला तो ‘एकच संगणक’ कोणाचा आहे? तो कंपनीचा असेल तर तुमच्या शनिवार-रविवारच्या प्रकल्पासाठी किल्ली, फोल्डर, कॉन्फिग कितीही नीट लावा, मूळ प्रश्न तसाच राहतो. आणि त्या प्रकल्पाच्या इतिहासात चुकून कंपनीच्या ईमेलचे वीस कमिट असतील, तेही मंगळवारी दुपारी तीनच्या वेळेसकट, तर ते तुम्ही स्वतःच लिहून ठेवलेलं टिपण आहे.

आपल्यासारख्यांना हे जास्त जपावं लागतं. एच-वन-बीसारखा व्हिसा एका मालकाशी बांधलेला असतो. मालकाशी वाद म्हणजे फक्त नोकरीचा प्रश्न राहत नाही, घरभाड्यापासून जोडीदाराच्या व्हिसापर्यंत सगळं त्याला लटकलेलं असतं. म्हणून कंपनीचा लॅपटॉप असेल तर माझं उत्तर कुठल्याही सेटिंगमध्ये नाही. खाजगी काम त्यावर करू नका. जुना, सेकंडहँड, कसाही चालेल, पण स्वतःचा लॅपटॉप घ्या. स्वतःच्या लॅपटॉपवर दोन-तीन खाती नांदत असतील तर वरची सगळी व्यवस्था उपयोगाची.

संशोधकांचं दुखणं थोडं वेगळं. विद्यापीठाचा ईमेल पदवीनंतर कधीतरी बंद होतो. कुठे लगेच, कुठे वर्षभराने. गिटहबच्या खात्यावर तोच मुख्य ईमेल असेल आणि दुहेरी पडताळणी लावलेली नसेल, तर नव्या लॅपटॉपवरून लॉगिन करताना पडताळणीचा आकडा त्या मेलेल्या पेटीत जाऊन पडतो. प्रबंधाचा सगळा कोड त्या खात्यात. शोधनिबंधांच्या बाबतीत ही अडचण ओळखून २०१२ मध्ये ऑर्किड सुरू झालं: संशोधकाला एक क्रमांक, जो विद्यापीठ, देश, आडनाव काहीही बदललं तरी बदलत नाही. कोडच्या बाबतीत असा क्रमांक लिहायला गिटच्या कमिटमध्ये जागाच नाही. त्यामुळे ज्या ईमेलचं आयुष्य दोन वर्षांचं, त्याच्यावर कायमच्या इतिहासाचं श्रेय टांगलेलं. २०२१ पासून गिटहब ‘सायटेशन डॉट सीएफएफ’ नावाची फाइल वाचतं, तिच्यात प्रत्येक लेखकापुढे ऑर्किड लिहिता येतो. लॅबमध्ये असाल तर तुमच्या रेपोत ही फाइल आहे का ते आजच बघा, आणि नसेल तर घाला. प्राध्यापक नाही म्हणणार नाहीत. मात्र कोणी किती लिहिलं हे विचारायला लोक अजूनही कमिटचा इतिहासच उघडतात, हेही खरं.

आणि नावाचं काय? आपलं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव ही आपली साखळी परदेशातल्या फॉर्मवर आधीच तुटते. पासपोर्टवर एक, लॅबच्या पाटीवर दुसरं, लग्नानंतर तिसरं. गिटमध्ये नाव देवनागरीतसुद्धा चालतं, हे अनेकांना माहीत नसतं. इंग्रजी स्पेलिंगने शोधणाऱ्या सहकाऱ्याला मात्र तुम्ही सापडणार नाही. नाव बदललं तर जुने कमिट तसेच राहतात. त्यासाठी ‘मेलमॅप’ नावाची फाइल रेपोत ठेवता येते: हा जुना ईमेल आणि नाव म्हणजे खरं तर ही व्यक्ती, असं एकेक ओळीत लिहायचं, मग गिट इतिहास दाखवताना नवं नाव दाखवतं. तलाठ्याकडची फेरफार नोंद आठवा. जुनी नोंद खोडत नाहीत, नवी नोंद करून सातबाऱ्यावर नवं नाव चढवतात. तीन खात्यांतून एकाच रेपोत कमिट केलेल्यांनाही हीच फाइल तीन नावांचा एक माणूस करून देते, त्यामुळे ती वापराच. पण तिची एक बाजू फार वाईट आहे. ज्यांना जुनं नाव मागे टाकायचंय, उदाहरणार्थ लिंगबदलानंतर, किंवा छळणाऱ्या नवऱ्याचं आडनाव टाकून दिल्यावर, त्यांचं जुनं आणि नवं नाव एकाच ओळीत शेजारी शेजारी मांडून ही फाइल जगजाहीर करते. लपवायचं तेच ठळक होतं. यावर गिटकडे आजही सोपा मार्ग नाही, आणि ‘इतिहास बदलू नये’ हे तत्त्व ज्यांचं नाव कधीच बदललं नाही त्यांनी ठरवलंय, हे दिसतं.

शेवटचा भाग सहीचा. कमिटमधला ईमेल कोणीही काहीही लिहू शकतो. टोरवाल्ड्सच्या नावाने कमिट करायला तुम्हाला दहा सेकंद लागतील. त्यावर उपाय म्हणून डिजिटल सही फार पूर्वीपासून आहे, पण जीपीजीच्या कटकटीमुळे विद्यार्थी तिच्या वाटेला जात नाहीत. २०२१ च्या २.३४ आवृत्तीपासून साध्या एसएसएच किल्लीनेही सही करता येते. मला यात अनेक खात्यांसाठी एक वेगळाच फायदा दिसतो. प्रत्येक फोल्डरच्या कॉन्फिगमध्ये त्या-त्या ओळखीची सही लावली, गिटहबवर ती किल्ली सहीसाठी म्हणून वेगळी नोंदवली, आणि प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये दक्ष राहण्याचा पर्याय चालू केला, की ईमेल आणि सही जुळले नाहीत तर कमिटपुढे ‘अनव्हेरिफाइड’ असा शिक्का दिसतो. जी चूक आजवर गप्प होती ती निदान एक शब्द बोलते. अर्थात पुश झाल्यावर.

विद्यापीठ किंवा नोकरी सोडणार असाल तर शेवटच्या आठवड्यात, निरोपाच्या केकच्या आधी, एवढं उरकून घ्या. स्वतःचा ईमेल खात्यात घालून तो मुख्य करा, दुहेरी पडताळणी लावा आणि तिचे राखीव आकडे कागदावर लिहून घ्या. विद्यापीठाचा जुना ईमेल खात्यातून काढू नका. तो तिथे आहे तोवर जुने कमिट तुमचे दिसतात, आणि एक ईमेल एकाच खात्यात राहत असल्याने उद्या तोच पत्ता दुसऱ्या विद्यार्थ्याला मिळाला तरी त्याला तो स्वतःच्या खात्यात जोडता येत नाही. कंपनीच्या मालकीचं खातं असेल तर त्यातून काहीच नेता येणार नाही, ते सोडा. मात्र तुमच्या खाजगी खात्यात कंपनीच्या लॅपटॉपची किल्ली कधी काळी घातलेली असेल, तर लॅपटॉप परत करण्याआधी ती खात्यातून काढून टाका.